पंडिता रमाबाई : वाचन आणि प्रार्थना

मंडळाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र असावे असे ठरले व ते काम माझ्याकडे आले. मी सातवीपर्यंत शिकलेली, तेव्हा भाषा साधीच असणार. मी पंडिता रमाबाईंचे नाव निवडले. बालविधवांसाठी त्यांनी केलेले कार्य पुष्कळजणींना ठाऊक आहे. परंतु धर्मग्रंथ वाचता वाचता प्रार्थना कशी करावी, हे त्या जन्मभर शिकत राहिल्या, ती गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. तीच मी सांगते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकांनी संस्कृत शिकू नये असा तो काळ. तरी शास्त्रीबुवांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले आणि लक्ष्मीबाईंनी रमेला. आईच्या तोंडून ऐकून ऐकून तिला हजारो श्लोक पाठ झाले. हे कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी पायी फिरे. पुढे दुष्काळ पडला. वडील, आई आणि थोरली बहीण गेली. उरली ती रमा आणि भाऊ श्रीनिवास. १९७२ सालच्या दुष्काळात खडी फोडून मिलो खाऊन दिवस काढलेल्या आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायकांना त्या भुकेची कल्पना सहज येईल.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांचा विवाह झाला. सिल्चर येथे पतीच्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली व त्या ती आवडीने वाचू लागल्या. पण १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. कडेवर दहा महिन्यांची मनोरमा, आणि वय अवघे तेवीस.

१८८३ साली त्या वैद्यकी शिकण्यासाठी इंग्लंडला गेल्या. कानांनी दगा दिल्यामुळे ते शिक्षण राहून गेले. वाँटेज येथे ज्या ख्रिस्ती भगिनींकडे त्या राहिल्या, त्यांचा दिवस स्तोत्रांच्या पठणाने बांधलेला असे. त्या भगिनी समाजाने टाकलेल्या स्त्रियांना सांभाळीत. हे कशाच्या बळावर, असे रमाबाईंना वाटले, तेव्हा एकीने त्यांना विहिरीवर पाणी भरायला आलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविली. लोक जिला टाळीत, तिच्याशी येशू मानाने बोलला, ही ती गोष्ट. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात पुष्कळांना हे फार लागले. आजही याविषयी मतभेद असतील. पण त्यांची जिज्ञासा प्रामाणिक होती, हे कोणालाही मान्य व्हावे.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदासदन काढले व पुढे ते पुण्यास नेले. पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई तेथेच शिकल्या, आणि त्या हिंदूच राहिल्या. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून बायबल वाचीत, प्रार्थना करीत. काही मुली आपखुशीने येऊन बसू लागल्या. त्यावरून १८९३ साली मोठे वादळ झाले. सल्लागार मंडळी बाजूला झाली, पालकांनी कित्येक मुली काढून नेल्या. दार लावून घेतले असते तर कदाचित निभावले असते. तसे त्यांनी केले नाही.

बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, आपल्याला खरा विश्वास गवसला असे त्या मानीत. तोवर धर्म बुद्धीला पटला होता. मनाला शांती नव्हती. हजारो श्लोक पाठ असलेल्या पंडितेला ग्रंथापुढे पुन्हा विद्यार्थिनी व्हावे लागले. ख्रिस्ती लोकांत वाचलेल्या वचनावरून प्रार्थना करण्याची जुनी रीत आहे. थोडेच वाचावे, ते मनात घोळवावे, त्यातूनच देवाशी बोलावे आणि मग गप्प बसावे. धान्य निवडताना आपण मूठभरच सुपात पसरतो ना, तसेच हे.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या व पुण्याजवळ केडगावला मुक्तिसदन उभारले. १९०० च्या सुमारास तेथे सुमारे १,५०० जणी होत्या. शेती, विणकाम, छापखाना, सारे बायकाच चालवीत. १९०५ च्या आरंभी रमाबाईंनी रोज प्रार्थनेला बसण्यासाठी हाक दिली, तेव्हा ७० जणी पुढे आल्या. काही महिन्यांत त्यांची संख्या कितीतरी वाढली.

मग त्यांनी आयुष्यातले शेवटचे मोठे काम हाती घेतले. मराठीत बायबल पूर्वीही होते, परंतु खेड्यातल्या अडाणी बाईला ते जड जाई. न समजलेल्या शब्दांवर मन ठरत नाही आणि मन ठरल्याशिवाय प्रार्थना होत नाही, म्हणून सोप्या मराठीत भाषांतर करावयाचे त्यांनी ठरविले. त्यासाठी इतक्या वयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. संस्कृतची पंडिता, पण शब्द निवडताना डोळ्यांपुढे ठेवली ती नुकती अक्षर ओळखू लागलेली मुलगी. हे काम कित्येक वर्षे चालले. खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतचे काम मुक्तीच्या मुलींनीच केले.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. चाळिशीची एकुलती एक लेक, संस्थेचा सारा भार उचलणारी. आईने काम सोडले नाही. भाषांतर पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या मागून, १९२४ साली, केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडला.

भगिनींनो, आपल्या मंडळात निरनिराळ्या धर्मांच्या बायका आहेत. कोणी हरिपाठ म्हणते, कोणी त्रिशरण म्हणते, कोणी कुराण वाचते. कोणी काय वाचावे हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. परंतु पान उरकण्यासाठी वाचणे निराळे आणि समजून, थांबून, हे मला काय सांगते असे स्वतःला विचारून वाचणे निराळे. रमाबाईंना वाचता वाचता विहिरीवरची ती टाकलेली बाई दिसली, आणि तशा शेकडो जणींना त्यांनी घर दिले. वाचन खरे की नाही हे पुढच्या वागण्यावरून कळते, एवढे मी त्यांच्या चरित्रातून घेतले आहे.