यंत्राबरोबर त्याची विद्याही जपणारे कुमारप्पा

महात्मा गांधींच्या हौतात्म्याला बारा वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, ३० जानेवारी १९६० रोजी, मदुराई येथे डॉ. जे. सी. कुमारप्पा यांची प्राणज्योत मालवली. गांधीविचारांचे अर्थशास्त्रज्ञ म्हणून त्यांची ओळख सर्वदूर आहे. त्यांच्या ग्रंथांची चर्चा अजूनही होते. परंतु वर्धा जिल्ह्याच्या दृष्टीने त्यांचे आणखी एक कार्य तितकेच मोलाचे आहे. घराघरांत वापरली जाणारी साधी यंत्रे गोळा करणे, त्यांची मोजमापे घेणे, त्यांत सुधारणा करणे आणि ती कशी बनवावी व दुरुस्त करावी याच्या पुस्तिका सिद्ध करणे, हे काम त्यांनी वर्ध्याच्या मगनवाडीत उभे केले. जुने यंत्र जपायचे तर त्याची विद्याही जपावी लागते, ही जाण त्यामागे होती.

जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस हे त्यांचे मूळ नाव. ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे एका तमिळ ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला होते. हिशेबतपासनीसाचे शिक्षण घेण्यासाठी जोसेफ १९१२ साली लंडनला गेले. तेथेच काही काळ त्यांनी व्यवसायही केला. आईच्या आग्रहामुळे १९१९ मध्ये ते मायदेशी परतले आणि मुंबईत हिशेबतपासणी करू लागले. विलायती पोशाख, शिस्तशीर राहणी आणि चोख व्यवहार अशी त्यांची ख्याती होती. गिरणगाव आणि व्यापारी पेढ्यांच्या त्या मुंबईत सुखाने आयुष्य घालविणे त्यांना सहज शक्य होते.

जीवनाला कलाटणी मिळाली ती अमेरिकेत. १९२७ मध्ये ते तेथे गेले. सिरॅक्यूज विद्यापीठाची पदवी घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थकारणाच्या अभ्यासाकडे वळले. प्रा. सेलिग्मन यांच्या मार्गदर्शनाखाली हिंदुस्थानातील करपद्धतीचा शोध घेताना, परकीय सत्तेच्या खर्चाचा भार अखेर कोणाच्या खांद्यावर पडतो हे त्यांना आकड्यांतूनच उमगले. हिशेबनिसाला ताळेबंदातील चोरी दिसावी, तशी त्यांना देशाच्या दारिद्र्यामागची कारणे दिसली. याच सुमारास कुटुंबाने कुमारप्पा हे आपले जुने नाव पुन्हा धारण केले.

साबरमती ते मगनवाडी

आपला प्रबंध घेऊन ते ९ मे १९२९ रोजी साबरमतीला गांधीजींना भेटले. तो प्रबंध 'यंग इंडिया'त क्रमशः प्रसिद्ध झाला. गांधीजींनी त्यांच्यावर लगोलग एक काम सोपविले : खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्याची आर्थिक पाहणी. काका कालेलकर त्या वेळी गुजरात विद्यापीठाचे कुलनायक होते. विद्यापीठातील विद्यार्थ्यांना हाताशी धरून कुमारप्पांनी गावोगावी शेतकऱ्यांच्या उत्पन्नाचा, कर्जाचा आणि कराचा तपशील जमविला. ऐकीव गोष्टींवर विसंबायचे नाही, प्रत्यक्ष मोजायचे, हा त्यांच्या साऱ्या कामाचा पाया या पाहणीत घातला गेला.

पुढे मिठाच्या सत्याग्रहाच्या काळात त्यांनी 'यंग इंडिया'ची जबाबदारी सांभाळली आणि कारावासही पत्करला. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भीषण भूकंप झाला. राजेंद्रप्रसादांच्या मदतकार्याचा पैन्‌पैचा हिशेब कुमारप्पांकडे होता. त्यांची काटेकोर वृत्ती तेथे साऱ्या कार्यकर्त्यांना अनुभवास आली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईला भरलेल्या काँग्रेस अधिवेशनात ग्रामोद्योगांसाठी स्वतंत्र संस्था काढण्याचा ठराव झाला. डिसेंबरमध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. श्रीकृष्णदास जाजू अध्यक्ष झाले आणि कुमारप्पा चिटणीस. रवींद्रनाथ टागोर, जगदीशचंद्र बोस, प्रफुल्लचंद्र राय, चंद्रशेखर वेंकट रामन यांच्यासारख्या मान्यवरांची नावे सल्लागारांत होती. जमनालाल बजाज यांनी आपली बागेसह वास्तू संघाला दिली. साबरमती आश्रमाचे आधारस्तंभ मगनलाल गांधी यांचे १९२८ मध्ये निधन झाले होते. त्यांच्या स्मरणार्थ या जागेचे नाव मगनवाडी ठेवण्यात आले. १९३५ च्या आरंभापासून १९३६ च्या एप्रिलपर्यंत गांधीजींचा मुक्कामही येथेच होता. त्यानंतर ते शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, गेले.

मगनलालांचे नाव या कामाला सर्वार्थाने शोभणारे होते. चरखा आणि हातमाग यांचे शास्त्र लिहून काढणाऱ्या पहिल्या काही माणसांत त्यांची गणना होते. चात किती जाड असावी, माळ कशी ताणावी या गोष्टी तोवर कातणारणीच्या बोटांत आणि सुताराच्या नजरेत होत्या. मगनलालांनी त्या कागदावर आणल्या. कुमारप्पांनी हीच रीत इतर उद्योगांना लावली.

घाणी, दिवा आणि कागद

हे काम किती निकडीचे होते, याची आज कल्पना येणे कठीण आहे. भातगिरण्या आल्या तशी घरची उखळे कोपऱ्यात गेली. तेलगिरण्या आल्या तसा तेल्याचा बैल विकला गेला. एका पिढीने घाणी चालविली नाही, तर पुढच्या पिढीला घाणीची लाकडे मिळतील, पण तिची लाट किती कलती ठेवायची हे सांगणारे कोणी उरणार नाही. कारागिराबरोबर त्याची विद्याही सरणावर जात होती. शिवाय तिच्यावर जातीची कुंपणे होती. एकाची कला दुसऱ्याला उघड करून सांगण्याची पद्धतच नव्हती.

मगनवाडीत या कुंपणाला खिंडार पडले. झवेरभाई पटेल यांनी निरनिराळ्या प्रांतांतील घाण्यांचा अभ्यास करून जी सुधारित घाणी तयार केली, ती देशभर 'वर्धा घाणी' म्हणून ओळखली गेली. कागदाच्या उद्योगात के. बी. जोशी यांनी लक्ष घातले. जुन्नरसारख्या ठिकाणी हातकागदाची मोठी परंपरा होती, पण ती विझत आली होती. जोशींनी लगदा कुटण्यापासून कागद घोटण्यापर्यंतची सारी कृती इंग्रजी पुस्तकात मांडली, आणि ते संघानेच प्रसिद्ध केले. पुढे १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली, तीही त्यांच्याच प्रयत्नांतून.

मगनदीप हे या प्रयोगशाळेचे सर्वांत बोलके अपत्य. खेड्यात रॉकेलचा कंदील घरोघरी पोहोचला होता आणि त्याबरोबर घरचा पैसा बाहेर जात होता. वनस्पतीतेलावर चालणारा, वाऱ्यात न विझणारा दिवा हवा होता. पण वनस्पतीतेल रॉकेलपेक्षा दाट असते व वातीतून सावकाश चढते. केवळ तेल बदलून भागत नाही, दिव्याची रचनाच बदलावी लागते. मगनदीप त्यातून आला. स्वयंपाकघरातील धूर बाहेर नेणारी मगनचूलही १९४० च्या दशकात येथूनच पुढे आली.

या दिव्यामागे कुमारप्पांचा सिद्धान्त होता. कोळसा आणि खनिज तेल हे साठे आहेत, ते वापरले की संपतात आणि त्यांच्यासाठी युद्धे होतात. बी पेरून मिळणारे तेल मात्र दरवर्षी नव्याने येते. साठ्यावर जगणारी अर्थव्यवस्था अल्पजीवी आणि प्रवाहावर जगणारी चिरंतन, अशी मांडणी त्यांनी केली. पर्यावरण हा शब्दही सामान्य बोलण्यात नव्हता, त्या काळातील हा विचार आहे.

संग्रहालय कशासाठी?

३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. खादी आणि ग्रामोद्योगांची अवजारे, त्यांपासून तयार झालेला माल आणि निरनिराळ्या प्रकारचे चरखे तेथे मांडण्यात आले. राजेरजवाड्यांच्या तलवारी व दागिने पाहण्याची सवय असलेल्या प्रेक्षकाला जाते, घाणी आणि चरखा ही संग्रहालयात ठेवण्याजोगी वस्तू वाटणे ही त्या काळी नवी गोष्ट होती. पण गतकाळाची आठवण म्हणून त्या मांडल्या नव्हत्या. पाहणाऱ्याने पाहावे, शिकावे आणि गावी जाऊन तसे करून पाहावे, हा हेतू होता. म्हणूनच संग्रहालयाला प्रशिक्षणाची, पुस्तिकांची आणि 'ग्राम उद्योग पत्रिका' या मासिकाची जोड होती.

घरगुती यंत्र कसे असावे, याचा विचार चरखा संघाने १९२९ मध्ये जाहीर केलेल्या १ लाख रुपयांच्या पारितोषिकातही दिसतो. सुधारित चरखा दीडशे रुपयांच्या आत मिळावा, खेड्यातल्या घरात हाताने वा पायाने चालवता यावा, वीस वर्षे टिकावा आणि त्याच्या दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून अधिक नसावा, अशा अटी होत्या. त्या साऱ्या पूर्ण करणारा चरखा कोणालाही सादर करता आला नाही. तरी दुरुस्तीची सोय हा यंत्राच्या गुणांचाच एक भाग मानणारी ही दृष्टी विसरण्याजोगी नाही.

या दृष्टीची खूण आज एका वेगळ्याच क्षेत्रात पटते. १९८० च्या दशकात घरगुती संगणक आले. ब्रिटनमध्ये १९८२ साली निघालेल्या स्पेक्ट्रमची परवानाप्राप्त आवृत्ती १९८६ मध्ये भारतातही विकली जाऊ लागली. अनेक शाळांत बीबीसी संगणक आले. ते संगणक केव्हाच अडगळीत गेले. त्यांचा संग्रह करणारी हौशी मंडळी आता जगभर आहेत. त्यांचा अनुभवही हाच आहे : पेटी सापडते, पण तिचे माहितीपुस्तक आणि विद्युत जोडणीचा नकाशा सापडला नाही तर ती मुकी राहते. कीबोर्डच्या आतील पातळ पापुद्रे कडक होऊन तुटतात, कपॅसिटर गळतात, आणि कोणता भाग कोठे बदलायचा हे नकाशावाचून कळत नाही. म्हणून जुनी माहितीपुस्तके पानापानाने स्कॅन करून ठेवण्याचे काम चालते. घाणी आणि संगणक यांत युगांचे अंतर असले, तरी विद्या हरवण्याची रीत एकच आहे.

सत्तेपासून दूर

राष्ट्रीय नियोजन समिती १९३८ मध्ये स्थापन झाली, तेव्हा कुमारप्पा तिचे सदस्य होते. मोठ्या कारखानदारीचा कल पाहून काही महिन्यांतच ते बाहेर पडले. मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या सरकारने नेमलेल्या औद्योगिक पाहणी समितीचे अध्यक्षपद मात्र त्यांनी मनापासून सांभाळले आणि सहाशेहून अधिक खेड्यांची माहिती गोळा झाली. १९४२ च्या आंदोलनात त्यांना पुन्हा तुरुंगवास घडला. जबलपूरच्या कारागृहात त्यांनी चिरंतन अर्थव्यवस्थेवरील आणि येशूच्या शिकवणुकीवरील ग्रंथ लिहिले. ते वाचून गांधीजींनी त्यांना गमतीने डॉक्टरेटच्या पदव्या बहाल केल्या, त्यांतील एक ग्रामोद्योगाची होती.

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसच्या कृषी सुधारणा समितीचे ते अध्यक्ष झाले. १९४९ च्या अहवालात सरकार आणि प्रत्यक्ष जमीन कसणारा यांच्यामधील मध्यस्थ हटविण्याची शिफारस होती. परंतु देशाचा रोख आता धरणे आणि पोलाद कारखान्यांकडे होता. कुमारप्पांचे म्हणणे ऐकून घेतले जाई, अमलात येत नसे. त्यांचा स्वभाव फटकळ होता, तडजोड त्यांना जमत नसे, हेही खरे. वर्धा जिल्ह्यातीलच सेलडोह येथे त्यांनी पन्नाई आश्रम काढून शेतीचे प्रयोग केले. प्रकृती ढासळल्यावर ते मदुराईजवळच्या कल्लुपट्टी येथील गांधीनिकेतन आश्रमात राहावयास गेले. अविवाहित, निष्कांचन अवस्थेत त्यांचा शेवट झाला.

त्यांच्या कार्याचा हिशेब त्यांच्याच काटेकोरपणे मांडला, तर जमेबरोबर वजाही दिसते. हातसडीचा तांदूळ गिरणीपुढे टिकला नाही. वीज आल्यावर मगनदीप मागे पडला. सरकारी योजनांनी घाणीला अनुदान दिले, पण ग्राहक दिला नाही. जे संग्रहालय उद्याच्या खेड्यासाठी उभारले होते, ते कालच्या खेड्याचे होऊन बसण्याचा धोका निर्माण झाला.

तरीही सारे संपले नाही. कुमारप्पांच्या प्रेरणेने घडलेले देवेंद्रकुमार यांनी १९७६ मध्ये वर्ध्यात ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केले आणि संशोधनाचा तुटलेला धागा पुन्हा जोडला. शहरांत लाकडी घाणीच्या तेलाला पुन्हा मागणी आली, तेव्हा वर्धा घाणीचे शास्त्र लिहिलेले सापडले. कुमारप्पांची आणि संघाची अनेक पुस्तके आता डिजिटल ग्रंथालयांतही वाचावयास मिळतात.

नागपूरहून येणारा महामार्ग समुद्रपूर तालुक्यातील जाम येथे हैदराबाद आणि चंद्रपूर अशा दोन दिशांना फुटतो. भोवतीचा हा सारा कापसाचा मुलूख आहे. हिंगणघाटचा कापूस एके काळी साता समुद्रापार प्रसिद्ध होता. या वाटेने रोज हजारो वाहने जातात आणि त्यांतील थोडीच वर्ध्याकडे वळतात. ज्या जिल्ह्यात कापूस पिकतो, त्याच जिल्ह्यात त्या कापसाचे सूत घरी काढण्याचे यंत्र आणि त्याची विद्या दोन्ही जपून ठेवलेली आहेत. गावागावांतील माळ्यांवर आजही जुनी जाती, पेळूच्या पेट्या आणि मोडके चरखे पडून आहेत. ते भंगारात जाण्यापूर्वी घरातील वृद्धांना विचारून त्यांची मापे, भागांची नावे आणि चालविण्याची रीत कोणी वहीत उतरवून ठेवली, तर कुमारप्पांच्या कामात आणखी एका पानाची भर पडेल.