रोहिदासाच्या उशाशी

मूल दवाखान्यात असलं की घराचे दोन तुकडे होतात. एक तुकडा खाटेच्या कडेला, सलाईनच्या थेंबांकडे डोळे लावून बसलेला. दुसरा घरी, डबे, कपडे आणि धाकट्या भावंडांच्या मागे धावणारा. दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात आमच्या घरी हेच झालं. सात वर्षांच्या मुलाला डेंग्यू झाला आणि नाशिकच्या एका रुग्णालयात आम्ही सहा रात्री काढल्या.

धाकटी तेव्हा चार वर्षांची होती. मुलांच्या वॉर्डात लहान भावंडांना सोडत नाहीत. त्यामुळे रोज संध्याकाळी ती आजीचं बोट धरून खाली आवारात उभी राही आणि दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीकडे बघून हात हलवी. हिला वर मुलापाशी थांबावं लागे, आईला घरी स्वयंपाक आणि नात सांभाळावी लागे, आणि मी डबा घेऊन सिडको ते दवाखाना अशा खेपा घाली.

चौथ्या दिवशी सकाळी ताप उतरला. मुलाने स्वतःहून मऊ भात मागितला. आमच्या कारखान्यात महिनाअखेरची घाई होती, तीन दिवसांची रजा आधीच झाली होती. मी हिला म्हटलं, आता धोका टळला, मी पाळीला जाऊन येतो. ती काही बोलली नाही. संध्याकाळी परत आलो तर रक्तातल्या प्लेटलेट निम्म्यावर आल्या होत्या आणि सिस्टर तासातासाला रक्तदाब बघत होत्या. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच खरं जपायचं असतं, पुढचे दोन दिवस मोलाचे, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी ते ऐकलं होतं, पण माझ्या सोयीपुरतं.

त्या रात्री खाटेशेजारच्या स्टुलावर बसलो असताना मला एकदम दादासाहेब फाळके आठवले. का ते सांगतो. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, तिथे आम्हा नाशिककरांची मुलांसह एखादी तरी सहल होतेच. आणि शाळेत असताना आमच्या गुरुजींनी त्यांची एक गोष्ट सांगितली होती. ती मी पुढे माझ्या मुलालाही मोठ्या अभिमानाने सांगितली होती. तीच गोष्ट आजारी मुलाच्या उशाशी बसून आठवली, तेव्हा तिचा अर्थच बदलून गेला.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी आपल्या त्र्यंबकेश्वरी झाला. वडील संस्कृतचे शास्त्री. त्यांना मुंबईत अध्यापनाचं काम मिळालं आणि बिऱ्हाड मुंबईला आलं. धुंडिराजाने जे. जे. कलाशाळेत आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, छायाचित्रण, छपाई असं जे जे शिकता येईल ते शिकून घेतलं. गोध्र्याला जाऊन त्यांनी छायाचित्रांचा व्यवसाय थाटला, लग्न झालं, मूल झालं. ते दिवस प्लेगचे होते. १८९६ साली मुंबईत शिरलेली ती साथ गावोगाव पसरत गेली. गोध्र्याच्या त्या बिऱ्हाडातून तिने फाळक्यांची पत्नी आणि मूल दोघांनाही नेलं. तिशीच्या उंबरठ्यावरचा हा माणूस पुन्हा एकटा झाला.

चरित्रांतून हा प्रसंग दोन ओळींत उरकला जातो. पुढे चित्रपट यायचा असतो, म्हणून सगळ्यांनाच घाई असते. पण त्या काळी प्लेगवर हमखास गुण येईल असं औषध नव्हतं. गाठ दिसली की माणसं घर सोडून रानात झोपड्या बांधून राहत. अशा वेळी तापलेल्या लेकराच्या कपाळावर हात ठेवून बसण्याखेरीज बापाच्या हाती फारसं काही नसे. फाळके पुढे ज्या हट्टाने जगले, त्याच्या मुळाशी हे घर आहे, हे मला त्या स्टुलावर बसेपर्यंत कधी जाणवलं नव्हतं.

१९०२ साली त्यांचं दुसरं लग्न झालं. पत्नी करंदीकरांच्या घरातली. सासरी आल्यावर ती सरस्वतीबाई झाली. पुराणवस्तू खात्यातली नोकरी, मग लोणावळ्याला आणि नंतर दादरला छापखाना, १९०९ साली यंत्रं आणि रंगीत छपाई शिकण्यासाठी जर्मनीची वारी, आणि शेवटी भागीदारांशी न पटल्याने चालता धंदा सोडून घरी बसणं, एवढी सगळी उलथापालथ या बाईंनी पदरी मुलं असताना पाहिली. आणि मग तो दिवस आला. गिरगावात तंबूत दाखवला जाणारा ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट फाळक्यांनी पाहिला. पडद्यावर ख्रिस्त हलताना पाहून आपले राम आणि कृष्ण असेच हलले तर, या विचाराने त्यांना पछाडलं. दुसऱ्या खेपेला ते सरस्वतीबाईंनाही बरोबर घेऊन गेले.

पुढचे महिने घर आजारपणाच्या छायेतच होतं, फक्त आजारी होते ते स्वतः घरधनी. रोज चित्रपट पाहायचे, रात्र रात्र पुस्तकं वाचायची, झोप नाही. डोळ्यांनी साफ दगा दिला आणि काही काळ दिसेनासं झालं. मिळवता माणूस अंथरुणावर, धंदा नाही, मुलं लहान. उपचार आणि चष्मे यांनी दृष्टी परत आली आणि ती येताच फाळक्यांनी पुन्हा तोच ध्यास घेतला. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. एप्रिलमध्ये परतले तेव्हा चित्रपट काढण्याची माहिती सोबत होती आणि कॅमेरा मागोमाग येणार होता. तो आल्यावर कुंडीतल्या बीला कोंब फुटून वेल वाढेपर्यंतची छायाचित्रं त्यांनी रोज थोडी थोडी टिपली आणि ती छोटी चित्रफीत दाखवून भांडवल मिळवलं. ते पुरलं नाही तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिने गेले.

दादरच्या त्या घरातच कारखाना सुरू झाला. नाटका-चित्रपटात काम करणं कमीपणाचं मानलं जाई, म्हणून नटांनी विचारणाऱ्यांना आपण हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत असं सांगायचं, असं ठरलेलं. बायका मिळेनात, म्हणून तारामतीचं काम साळुंके नावाच्या तरुणाने केलं. सरस्वतीबाई अंधाऱ्या खोलीत फिल्मच्या कडांना भोकं पाडत, ती रसायनात धुवत, उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडत, आणि हे करून साठेक माणसांचा स्वयंपाक रांधत. यात मुलांचं खाणंपिणं, दुखणंखुपणं वेगळं मोजायलाच नको.

रोहिदासाच्या भूमिकेसाठी मात्र मूल मिळेना. या पोराने आईबापांबरोबर रानावनात भटकायचं आणि शेवटी मरायचं. आपल्या पोटच्या पोराला खोटंखोटं का होईना, मेलेलं कोण दाखवणार? एकही आईबाप तयार होईनात. अखेर फाळक्यांनी आपल्याच थोरल्या मुलाला, भालचंद्राला उभं केलं.

आता ती गुरुजींनी सांगितलेली गोष्ट. मुंबईबाहेर चित्रीकरण चाललं असताना भालचंद्र खेळता खेळता पडला, दगडावर डोकं आपटलं, रक्त आलं आणि पोर बेशुद्ध झालं. मंडळी घाबरली. मुलाला मुंबईला न्यावं, तो बरा होईपर्यंत काम थांबवावं असं सगळ्यांनी सुचवलं. फाळक्यांनी प्रथमोपचार केले आणि काम थांबवलं नाही. रोहिदासाच्या मृत्यूचा प्रसंग घ्यायचाच होता. मूल निपचित पडलेलं होतं. त्यांनी तो प्रसंग तसाच चित्रित केला. गोष्ट अशीच सांगितली जाते आणि शेवटी ध्येयनिष्ठेचा मोठा दाखला म्हणून आपण ती मुलांना ऐकवतो.

त्या रात्री मला ती ऐकवेना. मनात आलं, गोध्र्याला एक मूल गमावलेला बाप दुसऱ्याचं रक्त पाहून कॅमेऱ्याचं हँडल फिरवू शकतोच कसा? मग माझ्याच मनाने मला उलट विचारलं, तू आज सकाळी काय केलंस? त्या माणसाच्या डोक्यावर कर्ज होतं, बायकोचे दागिने गेले होते, साठ माणसं त्याच्या भरवशावर होती. एक दिवस बुडाला तर सगळंच बुडेल अशी भीती असणार. माझ्यामागे तर एका पाळीपलीकडे काही नव्हतं. मोठ्या माणसाच्या कठोरपणाला आपण निष्ठा म्हणतो आणि आपल्या कठोरपणाला परिस्थिती. खाटेवरच्या पोराला दोन्ही सारखंच लागतं. डोळे उघडल्यावर त्याला फक्त कोण जवळ आहे एवढंच कळतं.

आणखी एक गोष्ट खटकली. या कथेत सरस्वतीबाई कुठेच नाहीत. मुलाच्या डोक्याला खोक पडल्याचं त्यांना कधी कळलं, त्या रात्री उशाशी कोण बसलं, जखम रोज कोणी पुसली, हे कोणी सांगत नाही. पण आजारी मुलाचं घर ज्याने पाहिलं आहे त्याला ते सांगावं लागत नाही. माझी बायको त्या वेळी स्टुलापलीकडे चटई टाकून पडली होती. चार रात्रींत तिची सलग दोन तासही झोप झाली नव्हती. मी पाळीला गेलो तेव्हा ती बोलली नाही याचा अर्थ तिची संमती होती असं मी धरून चाललो होतो. पहाटे तिला उठवलं नाही, तासातासाची लघवीची नोंद मीच लिहिली आणि उजाडल्यावर कारखान्यात फोन करून रजा वाढवून घेतली. एवढंच माझं प्रायश्चित्त.

भालचंद्र बरा झाला. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला आणि आपल्या देशातल्या चित्रपटांचं पर्व सुरू झालं. त्याच वर्षी फाळके सगळं बिऱ्हाड आणि स्टुडिओ घेऊन नाशिकला आले. इथेच पुढचे चित्रपट घडले. १९१७ साली ‘लंकादहन’ आला. १९१८ च्या ‘श्रीकृष्णजन्म’मध्ये आणि १९१९ च्या ‘कालियामर्दन’मध्ये बालकृष्ण झाली ती त्यांची मुलगी मंदाकिनी. पैसा आला, भागीदार आले, मतभेद झाले. फाळके सगळं सोडून काशीला गेले, तिथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिलं आणि पुन्हा नाशिकला परतले. पुढे चित्रपट बोलू लागला आणि त्यांचा काळ मागे पडला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा मोठा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच ते गेले. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू व्हायला त्यानंतर पंचवीस वर्षं लागली.

आमच्या मुलाच्या प्लेटलेट सहाव्या दिवशी चढू लागल्या आणि सातव्या दिवशी आम्ही त्याला घरी आणलं. अंगात त्राण नव्हतं, शाळेला अजून आठवडाभर सुट्टी होती. एका दुपारी दोन्ही मुलांना जवळ घेऊन मी ‘कालियामर्दन’ लावला. या चित्रपटाचा बराच भाग आजही पाहायला मिळतो. सुरुवातीला कथा सुरूच होत नाही. पडद्यावर फक्त छोट्या मंदाकिनीचा चेहरा दिसतो. ती हसते, रागावते, घाबरते, पुन्हा हसते. ही मुलगी किती भाव दाखवू शकते हे प्रेक्षकांना कळावं म्हणून बापाने तो तुकडा आधी जोडला आहे.

माझी दोन्ही मुलं तिच्यासारखी तोंडं करून हसत सुटली. मी मात्र कॅमेऱ्यामागच्या माणसाचा विचार करत होतो. सहा-सात वर्षांपूर्वी याच माणसाने निपचित मुलाकडे कॅमेरा धरला होता. इथे तो जित्याजागत्या, हसत्या मुलीकडे किती वेळ, किती कौतुकाने बघत राहिला आहे. हिशेब चुकता झाला असं मी म्हणणार नाही. तसा तो कोणाच्याच घरी चुकता होत नाही. पण त्या दुपारी त्यांच्यावरचा माझा राग उतरला.

मुलाने मध्येच विचारलं की बाबा, तो रोहिदास झालेला मुलगा बरा झाला होता का? मी म्हटलं, झाला. मग त्याने विचारलं, त्याचे बाबा त्याच्याजवळ होते का? मी जरा थांबलो. मग म्हटलं, होते, पण कामात होते. तेवढ्यात हिने स्वयंपाकघरातून पेज तयार असल्याची हाक मारली. या वेळी वाटी आणायला मी उठलो.