हातात स्टॉपवॉच घेऊन पळायचा आणि वर्ल्ड रेकॉर्ड मोडायचा : पावो नुर्मीची गोष्ट

जळगाव असो की धुळे, पोलीस भरतीची जाहिरात निघाली की पहाटेच मैदानं भरून जातात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. १६०० मीटर म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकवर बरोबर चार फेऱ्या, आणि या चार फेऱ्यांत होणारी चूकही ठरलेली असते. पहिली फेरी वाऱ्यासारखी, दुसरीत दम लागायला सुरुवात, तिसरीत पाय जड आणि चौथी कशीबशी ओढत न्यायची.

यावरचा उपाय मैदानावरचा कुणीही सांगतो. पेस धर. पण नेमका किती पेस धरायचा हे पळता पळता कळणार कसं?

मोठ्या स्पर्धांमध्ये त्यासाठी माणूसच ठेवलेला असतो. त्याला म्हणतात पेसमेकर. (आपल्याकडे हा शब्द ऐकला की आधी हृदयाचं मशीन आठवतं, पण हा वेगळा.) रेकॉर्ड करायला निघालेल्या धावपटूच्या पुढे ठरलेल्या वेगाने पळायचं, वारा अंगावर घ्यायचा आणि काम झालं की ट्रॅकवरून बाजूला व्हायचं, एवढीच त्याची ड्यूटी. हौशी मॅरेथॉनमध्ये पाठीवर वेळ लिहिलेला झेंडा लावून पळणारे पेसर दिसतात, तो त्याचाच साधा अवतार.

पण शंभर वर्षांपूर्वी फिनलंडमध्ये एक धावपटू होऊन गेला, ज्याने पेसमेकरचं हे काम घड्याळाला दिलं. पावो नुर्मी त्याचं नाव. १५०० मीटरपासून २० किलोमीटरपर्यंतच्या अंतरांत त्याच्या नावावर २२ अधिकृत वर्ल्ड रेकॉर्ड लागले.

नुर्मीचा जन्म १३ जून १८९७ चा, तुर्कू शहरातला. वडील सुतारकाम करायचे. १९१० मध्ये ते वारले आणि घराची घडी विस्कटली. पैशांसाठी घरातलं स्वयंपाकघर भाड्याने दिलं आणि अख्खं कुटुंब एका खोलीत राहायला लागलं. अभ्यासात हुशार असलेल्या पावोची शाळा सुटली. तो एका बेकरीत पोऱ्या म्हणून लागला. काम काय, तर मालाने भरलेली हातगाडी चढावरून ढकलत न्यायची. पाय आणि पाठ तिथेच तयार झाली, असं तो पुढे सांगायचा.

१९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये फिनलंडच्या हॅनेस कोलेमाइनेनने लांब पल्ल्याच्या शर्यतींत तीन सुवर्णपदकं जिंकली. त्याची कीर्ती ऐकून पंधरा वर्षांच्या पावोने पळायचे पहिले बूट घेतले. पुढे १९१९ ला सैन्यात भरती झाल्यावर तिथल्या मार्चमध्ये तो पाठीवर पूर्ण सामान घेऊन इतक्या लवकर पोहोचला की काहींना वाटलं, पठ्ठ्याने शॉर्टकट मारला.

त्याचं पहिलं ऑलिम्पिक १९२० चं, बेल्जियममधल्या अँटवर्पचं. इथे मराठी वाचकांनी जरा थांबायला हवं.

कारण त्याच अँटवर्पमध्ये आपली माणसंही होती. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी पळणारी गावाकडची पोरं पाहिली होती, आणि त्यांच्याच पुढाकाराने भारताचा पहिला संघ ऑलिम्पिकला गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार हे मॅरेथॉनचे धावपटू होते. २२ ऑगस्टला मॅरेथॉन झाली. अंतर ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आजच्यापेक्षाही जास्त. चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत १९ वे आले. पहिला कोण? तर तोच कोलेमाइनेन, ज्याच्यामुळे नुर्मीने बूट घेतले होते.

नुर्मीने अँटवर्पला तीन सुवर्णपदकं जिंकली. पण त्याची तिथली पहिली शर्यत, ५००० मीटरची, तो हरला. झालं असं की तो पुढे राहून वेग वाढवत गेला आणि फ्रान्सचा जोसेफ गिलमो त्याच्या मागे चिकटून राहिला. शेवटच्या टप्प्यात दम शिल्लक होता तो गिलमोकडे. म्हणजे नुर्मी स्वतःच दुसऱ्याचा पेसमेकर झाला होता. तेही फुकट.

पुढच्या काळात नुर्मीची ओळख बनली ती हातातल्या स्टॉपवॉचमुळे. सरावात घड्याळ, शर्यतीतही घड्याळ. दर फेरीला एक नजर टाकायची आणि ठरवलेल्या वेळेशी जुळवून घ्यायचं. बाकीचे पुढे पळत असतील तर पळू देत.

यामागचं गणित साधं आहे. सुरुवातीला ताकदीपेक्षा जास्त वेगाने पळालं की स्नायूंना लागेल तेवढा ऑक्सिजन पुरत नाही. शरीर उधारीवर चालतं आणि ती उधारी शेवटच्या फेऱ्यांत व्याजासकट फेडावी लागते. तीच ताकद सगळ्या अंतरावर सारखी वाटली तर एकूण वेळ कमी लागतो. भरतीच्या मैदानावर चौथ्या फेरीत जे होतं ते हेच.

आणि रेकॉर्ड पडायला लागले. १९२१ मध्ये १०,००० मीटर. १९२२ मध्ये २०००, ३००० आणि ५००० मीटर. २३ ऑगस्ट १९२३ ला स्टॉकहोममध्ये एक मैल, ४ मिनिटं १०.४ सेकंदांत. मैल म्हणजे साधारण १६०९ मीटर, भरतीच्या शर्यतीपेक्षा फक्त नऊ मीटर जास्त. दर ४०० मीटरला सरासरी ६२ सेकंदांच्या आसपास, हे लक्षात घेतलं की तो आकडा अंगावर येतो.

यानंतरचं पॅरिस ऑलिम्पिक, १९२४. तिथे १५०० आणि ५००० मीटरच्या फायनल एकाच दिवशी, मध्ये तासाभराचीही विश्रांती नाही. नुर्मीने जूनमध्येच हेलसिंकीला याची रंगीत तालीम केली. एकाच दिवशी दोन्ही अंतरं पळाला आणि दोन्हीत वर्ल्ड रेकॉर्ड केला.

१० जुलैला पॅरिसमध्ये त्याने १५०० मीटर आरामात जिंकली. थोड्या वेळाने ५००० ला उभा राहिला तेव्हा स्वीडनचा एडविन विडे आणि फिनलंडचाच विले रिटोला यांनी सुरुवातीपासून जोर लावला. नुर्मी थकला असणार, हा त्यांचा हिशेब. नुर्मी घड्याळ बघत आपल्या वेगाने पळत राहिला. मग एका क्षणी त्याने ते घड्याळ बाजूच्या गवतावर फेकून दिलं. आता लढत वेळेशी नव्हती, माणसांशी होती. विडे मागे पडला, रिटोला शेवटपर्यंत भिडला. फरक पडला ०.२ सेकंदांचा, आणि नुर्मी जिंकला.

नुर्मीला लोक मशीन म्हणायचे. पण मशीनने घड्याळ फेकलं नसतं.

पॅरिसमध्ये त्याला एकूण पाच सुवर्णपदकं मिळाली. मात्र फिनलंडच्या अधिकाऱ्यांनी त्याला १०,००० मीटरमध्ये उतरवलंच नाही. ती शर्यत रिटोलाने वर्ल्ड रेकॉर्डसह जिंकली. नुर्मी घरी परतला आणि ३१ ऑगस्टला कुओपिओ गावात ३० मिनिटं ६.२ सेकंदांचा नवा रेकॉर्ड ठोकला. तो जवळपास तेरा वर्षं टिकला.

घड्याळाला मर्यादाही होती. १९२६ मध्ये बर्लिनला १५०० मीटरमध्ये जर्मनीच्या ओटो पेल्ट्झरने शेवटी मुसंडी मारून नुर्मीला हरवलं आणि त्याचा वर्ल्ड रेकॉर्डही घेतला. वेग ठरवून पळणाऱ्याच्या मागे राहायचं आणि शेवटी सुटायचं, हा डाव पुन्हा एकदा लागू पडला होता.

मग माणसाला मुद्दाम पेसमेकर म्हणून ठेवणं योग्य की अयोग्य? यावर नुर्मीनंतर बराच वाद झाला. १९५३ मध्ये इंग्लंडच्या रॉजर बॅनिस्टरने ४ मिनिटं २ सेकंदांत मैल पूर्ण केला, पण ब्रिटिश संघटनेने तो रेकॉर्ड नाकारला. कारण त्याचा मित्र ख्रिस ब्रॅशर मुद्दाम रमतगमत पळत राहिला आणि बॅनिस्टर एक फेरी पुढे जाऊन त्याला गाठताच त्याच्यासाठी वेग देऊ लागला. पुढच्या वर्षी, ६ मे १९५४ ला, ब्रॅशर आणि ख्रिस चॅटवे यांनी सुरुवातीपासून रीतसर वेग धरून दिला. बॅनिस्टर ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत पोहोचला आणि हा रेकॉर्ड मान्य झाला. आता तर ट्रॅकच्या कडेला ठरलेल्या वेगाने सरकणारे दिवे लावतात. २०२० मध्ये युगांडाच्या जोशुआ चेप्टेगेईने १०,००० मीटरचा रेकॉर्ड याच दिव्यांसोबत केला, २६ मिनिटं ११ सेकंद. नुर्मीच्या हातातलं घड्याळ ट्रॅकवर उतरलं, असं म्हणायला हरकत नाही.

१९२८ च्या ॲमस्टरडॅममध्ये नुर्मीने आणखी एक सुवर्ण आणि दोन रौप्यपदकं घेतली. तीन ऑलिम्पिकची बेरीज झाली ९ सुवर्ण, ३ रौप्य. राहिली होती मॅरेथॉन. १९३२ ला लॉस एंजेलिसमध्ये ती जिंकून थांबायचं त्याच्या मनात होतं. पण प्रवासखर्चाच्या नावाखाली जास्त पैसे घेतल्याचा ठपका ठेवून आंतरराष्ट्रीय संघटनेने त्याच्यावर बंदी घातली. ऑलिम्पिक तेव्हा फक्त हौशी खेळाडूंसाठी होतं. नुर्मी लॉस एंजेलिसला पोहोचलाही, पण त्याला पळू दिलं नाही. आज पेसमेकरलाही उघडपणे मानधन मिळतं, हे पाहिलं की त्या निर्णयाचं वाईट वाटतं.

पुढे तो हेलसिंकीत कपड्यांचं दुकान आणि बांधकामाच्या धंद्यात रमला. चांगला पैसा कमावला. लोकांत फारसा मिसळायचा नाही, मुलाखती टाळायचा. १९५२ चं ऑलिम्पिक हेलसिंकीला भरलं तेव्हा ज्योत घेऊन स्टेडियममध्ये कोण येणार हे गुपित ठेवलं होतं. पंचावन्न वर्षांचा नुर्मी धावत आत आला आणि स्टेडियमने त्याची चाल पाहूनच त्याला ओळखलं. मनोऱ्यावरची ज्योत पेटवली ती कोलेमाइनेनने.

म्हातारपणी हृदयविकाराने त्याला गाठलं. १९६८ मध्ये त्याने हृदयरोगांच्या संशोधनासाठी स्वतःच्या नावाने एक फाउंडेशन काढलं. २ ऑक्टोबर १९७३ ला तो हेलसिंकीत वारला. फिनलंडने त्याला शासकीय इतमामात निरोप दिला आणि दफन तुर्कूला झालं, जिथल्या चढांवरून तो कधीकाळी बेकरीची गाडी ढकलत न्यायचा.