सावित्रीबाई फुले: शिक्षिका सगळ्यांना माहीत आहेत, पण प्लेगमधल्या शुश्रूषेचं काय?

३ जानेवारीला सावित्रीबाईंचे फोटो स्टेटसवर दिसतात. १० मार्च मात्र अनेकांच्या लक्षात राहत नाही. त्या दिवशी, १८९७ साली, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्या गेल्या.

सातारा जिल्ह्यातल्या नायगावात १८३१ मध्ये त्यांचा जन्म झाला. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. शाळेत जाताना लोक त्यांच्या अंगावर शेण-चिखल फेकायचे.

मुलांच्या मनाला जागा

फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने आपल्या समाजाच्या दुःखावर निबंध लिहिला. १८५५ मध्ये तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. वर्गात मुलांना आपलं दुःख बोलता येणं, याला आज आपण मानसिक आरोग्य म्हणतो.

मृत्यूच्या वेळी सोबत

१८९० मध्ये जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवं कोणी धरायचं, यावरून वाद झाला. सावित्रीबाईंनी ते स्वतः हातात घेतलं.

मग प्लेग आला. खात्रीचं औषध नव्हतं आणि घरझडतीच्या भीतीने लोक रुग्ण लपवत होते. सावित्रीबाईंनी दत्तक मुलगा डॉ. यशवंत यांना बोलावून हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना सुरू केला. बरं करण्याची हमी नव्हती. पाणी पाजणं, स्वच्छता ठेवणं आणि जवळ बसणं एवढंच हातात होतं. वाचेल की नाही हे माहीत नसलं, तरी माणसाला एकटं सोडायचं नाही, हेच आजच्या उपशामक सेवेचं मूळ तत्त्व आहे.

मुंढव्याच्या दलित वस्तीतल्या पांडुरंग गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचं कळलं, तेव्हा त्यांनी त्याला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. त्यातच त्यांना लागण झाली.

आज याचा संबंध काय?

शेतकरी आत्महत्यांचा घाव सोसणाऱ्या यवतमाळसारख्या जिल्ह्यात हे दोन्ही प्रश्न एकाच घरात भेटतात. वडील वॉर्डात शेवटचे श्वास घेत असतात, तेव्हा शेजारी बहुतेक वेळ नर्स असते. काही दिवसांनी त्यांचं मूल शाळेत परततं, तेव्हा समोर शिक्षिका असते.

सावित्रीबाईंनी ही दोन्ही कामं केली. फोटो लावताना त्यांचं दुसरं काम विसरायला नको.