दगडांचा पारखी : अबू रैहान अल्-बिरुनी

सुमारे हजार वर्षांपूर्वी एका विद्वानाने सापाच्या गळ्यात पाचूचा हार घातला. पाचू दृष्टीस पडताच सापाचे डोळे फुटतात, अशी त्या काळी समजूत होती आणि ग्रंथांतूनही तसेच लिहिलेले होते. या गृहस्थाने सापाच्या टोपलीत पाचू पसरले, त्याच्यापुढे पाचूची माळ हलविली आणि उन्हाळा-हिवाळा धरून नऊ महिने हा उद्योग चालविला. सापाला काही झाले नाही. तसे त्याने लिहून ठेवले. हा विद्वान म्हणजे अबू रैहान अल्-बिरुनी.

त्याचा जन्म सप्टेंबर ९७३ मध्ये ख्वारझममधील काथ शहराच्या वेशीबाहेर झाला. हा भाग आज उझबेकिस्तानात आहे. फारसीत बिरुन म्हणजे बाहेर, त्यावरून हे नाव पडले. अबू नस्र मन्सूर या राजघराण्यातील गणितज्ञाने त्याला शिकविले. १०१७ साली सुलतान महमूदाने ख्वारझम जिंकले आणि तेथील विद्वानांसह बिरुनीला गझनीस नेले. पाहुणा म्हणून की बंदी म्हणून, यावर अजूनही वाद चालतो. मला एवढेच दिसते की, त्याने कुरकुरत दिवस काढले नाहीत. चाळिशी उलटल्यावर तो पंडितांजवळ बसून संस्कृत शिकला आणि १०३० च्या सुमारास त्याने हिंदुस्थानावरील आपला प्रसिद्ध ग्रंथ पूर्ण केला. नंदना किल्ल्याजवळ डोंगराची उंची व क्षितिजाचा कोन मोजून त्याने पृथ्वीची त्रिज्या काढली, हे बहुतेकांना ठाऊक आहेच.

पालकांनो, त्या ग्रंथात कोकणची राजधानी म्हणून समुद्रकाठच्या तानाचा उल्लेख आहे. ताना म्हणजे आपले ठाणे! स्वतः तो पंजाबच्या पलीकडे फारसा आला नसावा. त्याच ग्रंथात तो लिहितो की, डोंगराजवळ नद्यांतले दगड मोठे असतात, पुढे ते लहान होत जातात आणि मुखाजवळ नुसती वाळू उरते. यावरून त्याने अनुमान काढले की, उत्तर हिंदुस्थानचे मैदान एके काळी समुद्र होते व नद्यांच्या गाळाने ते भरून निघाले. त्या मैदानाची माती नद्यांनीच आणून टाकली आहे, हे आजचे भूशास्त्रही सांगते. हे पाहण्यासाठी गंगेवर जायला नको. आपली उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरांतून उतरते. कर्जतच्या वरच्या अंगाला धोंडे पाहा, बदलापूरला गोटे पाहा आणि कल्याणच्या खाडीत चिखल पाहा.

उतारवयात त्याने रत्ने व धातू यांवर एक ग्रंथ लिहिला. माणिक आणि बदख्शानचा लाल हे दोन्ही खडे तांबडेच, मग ओळखायचे कसे? बिरुनीने निमुळते भांडे घेतले व त्याला बाजूने वाकडी नळी बसविली. काठोकाठ भरलेल्या भांड्यात खडा सोडला की, खड्याच्या आकारमानाएवढे पाणी नळीतून तराजूच्या पारड्यात पडे. खड्याच्या वजनाला त्या पाण्याच्या वजनाने भागले की झाले. माणिक पाण्याच्या सुमारे चौपट भरते, लाल त्याहून कमी आणि साधी काच अडीचपट.

दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एका मुलाने बदलापूरच्या नदीपात्रातून एक काळा, जड, गुळगुळीत गोटा आणला. ती उल्का आहे, लाखाला जाईल, पण पारख करण्यासाठी पाच हजार द्यावे लागतील, असे त्याच्या वडिलांना कोणी सांगितले होते. वडील हातावर पोट असलेले, पैसे उसने घ्यायला निघाले होते. आम्ही शाळेतच गोटा तोलला, ६०० ग्रॅम भरला. सांडलेले पाणी तोलले, ते २०० ग्रॅम. म्हणजे तिप्पट! लोखंडी उल्का साडेसात-आठपट भरते. हा आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण, बेसाल्ट. अंबरनाथचे शिवमंदिर, बिरुनीनंतर दहा-बारा वर्षांनी म्हणजे १०६० च्या सुमारास उभे राहिलेले, याच पाषाणाचे आहे. मुलगा हिरमुसला, पण वडिलांचे पाच हजार वाचले.

दगडी उल्का मात्र नुसत्या वजनाने ओळखता येत नाही, हेही सांगितले पाहिजे. ती या पाषाणाहून थोडीशीच जड असते. बिरुनीशी ज्याचा पत्रांतून कडाक्याचा वाद झाला, त्या इब्न सीनाने जुझजान भागात आकाशातून पडलेल्या लोखंडाची हकीकत नोंदविली आहे. सुलतान महमूदाने त्याची तलवार घडविण्यास सांगितले, पण ते काम कारागिरांना फार जड गेले. तो पदार्थ बाजरीसारख्या गोल दाण्यांचा बनलेला होता, असे इब्न सीना लिहितो. दगडी उल्कांत असे गोल दाणे आढळतात व भूशास्त्रज्ञ त्यांना महत्त्वाची खूण मानतात. आपल्या लोणारच्या सरोवराचे कोडेही असेच दगड तपासून सुटले. आघाताच्या दाबाने काच झालेले खनिज तेथे सापडले आणि १९७३ साली ते विवर उल्कापाताचे असल्याचे प्रसिद्ध झाले.

१०४८ च्या सुमारास गझनीत बिरुनी अंथरुणाला खिळला. एक फकीह मित्र भेटीस आला, तेव्हा बिरुनीने वारसाहक्काच्या वाटणीतील एक अवघड हिशेब त्याला विचारला, असे सांगतात. ही काय वेळ, म्हणून मित्र संकोचला. तो हिशेब न समजता जाण्यापेक्षा समजून जाणे बरे, असे बिरुनीने त्याला पटविले. मित्राने समजावून दिले, बिरुनीने ते पुन्हा म्हणून दाखविले. मित्र निरोप घेऊन रस्त्यावर आला, तोच मागून घरातला आक्रोश त्याच्या कानी पडला.