शिरोडकरांचा टाका

डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचे नाव जगभरच्या प्रसूतितज्ज्ञांच्या तोंडी राहिले ते एका टाक्यामुळे. १८९९ साली गोव्यातील शिरोडे गावी, म्हणजे फोंडा तालुक्यातल्या, वेंगुर्ल्याजवळच्या नव्हे, त्यांचा जन्म झाला. शाळा हुबळीस, वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात, १९३१ मध्ये इंग्लंडची एफ.आर.सी.एस. आणि पुढे ग्रँटमध्येच अध्यापन. एवढा तपशील पुरे. त्यांचे खरे चरित्र शस्त्रक्रियागृहात घडले.

चौथ्या-पाचव्या महिन्यात वारंवार गर्भ गळून पडणाऱ्या स्त्रीला त्या काळी विश्रांती आणि नशीब यांपलीकडे फारसे काही सांगितले जात नसे. शिरोडकरांनी गर्भाशयमुखाच्या दुबळेपणावर बोट ठेवले. मांडीतील स्नायूंवरच्या चिवट आवरणाची पट्टी काढून ती त्यांनी मुखाभोवती, आतल्या तोंडाच्या उंचीवर, बांधली. १९५५ मध्ये मद्रासच्या ‘अँटिसेप्टिक’ मासिकात ही पद्धत प्रसिद्ध झाली.

तेवढ्या उंचीवर पट्टी बांधायची, तर मूत्राशय सोडवून वर सारावे लागते. तेथे इजा झाली आणि ती ध्यानात आली नाही, तर मूत्राशय व योनिमार्ग यांमध्ये छिद्र पडून लघवी अखंड झिरपत राहते. यालाच फिस्च्युला म्हणतात. या टाक्यात हे क्वचितच घडते. पण जिच्या वाट्याला येते तिला शेजार, मजुरी आणि कित्येकदा नवऱ्याचे घरही पारखे होते. १९५७ मध्ये मेलबर्नच्या मॅकडोनाल्ड यांनी मूत्राशयाला हात न लावता, बटव्याची दोरी आवळावी तसा सोपा टाका सुचविला. त्याचा पुष्कळ प्रसार झाला, आणि त्यात शिरोडकरांचे मोठेपण कमी होत नाही.

अंग बाहेर येण्याच्या व्याधीवर गर्भाशय न काढता ते पट्टीने मागे हाडाला बांधून धरण्याची शस्त्रक्रियाही त्यांचीच. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, तेव्हा त्यांची ही दृष्टी आठवल्याशिवाय राहिली नाही. अशा शस्त्रक्रियेत मूत्राशय दुखावून फिस्च्युला झाला, तर त्याची दुरुस्ती बहुधा काही आठवडे थांबून करतात आणि नंतर दोन आठवड्यांच्या आसपास लघवीची नळी ठेवावी लागते. वैतरण्याच्या खाडीकाठच्या मोलकरणीने मुंबईच्या रुग्णालयात इतके दिवस काढायचे, तर बुडालेल्या मजुरीचा हिशेब कोणत्या खात्यात मांडावा?

शिरोडकरांना १९६० मध्ये पद्मभूषण आणि १९७१ मध्ये पद्मविभूषण मिळाले. त्याच वर्षी ते निवर्तले.