खापरांचे मोल जाणणारा

आपल्या भाषेत खापराच्या वाट्याला मान कधी आलाच नाही. दोष द्यायचा तर खापर दुसऱ्याच्या माथी फोडायचे आणि घरातला माठ फुटला की तुकडे उकिरड्यावर टाकायचे. अलीकडे मात्र फुटक्या भांड्यांचे दिवस पालटले आहेत. चंडीगडला नेकचंद यांनी फुटक्या कपबशा आणि बांगड्यांतून आख्खी बाग सजवली. जपानात तडा गेलेला पेला सोनेरी रेघेने सांधतात. तुकडे जुळवून भिंती सजवणारे कलावंत आता आपल्याकडेही दिसतात. पण पुण्यात, येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात, खापरांना मानाची जागा त्याआधीच मिळाली होती. ती मिळवून देणारे होते डॉ. हसमुख धीरजलाल सांकळिया.

त्यांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी मुंबईत एका गुजराती कुटुंबात झाला. पुढे ते लंडनला गेले. तिथे गुजरातच्या पुरातत्त्वावर त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली उत्खननाचे धडे गिरवले. १९३९ साली डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झाले, तेव्हा सांकळिया तेथे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. इरावती कर्वेही त्याच सुमारास आल्या. सांकळियांनी मग पुणे सोडले नाही.

त्या काळी महाराष्ट्राचा इतिहास साधारणतः सातवाहनांपासून सांगण्याची रीत होती. नाणी, ताम्रपट, शिलालेख, लेणी ही त्याची साधने. ज्यांनी नाणी पाडली नाहीत की लेख कोरले नाहीत, त्यांचा इतिहास सांगायचा कशाच्या आधारे? सांकळिया नदीकाठच्या पांढरीकडे वळले. गावकऱ्यांच्या लेखी पांढर म्हणजे जुन्या वस्तीची माती, शेतात नेऊन टाकण्याजोगी. त्या मातीत खापरे विखुरलेली असत आणि ती उचलून पाहावीत असे कोणाला वाटत नसे.

संगमनेरजवळच्या जोर्वे गावी १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले. तिथे चाकावर घडवलेली, खणखणीत भाजलेली, लाल अंगावर काळी नक्षी असलेली भांडी मिळाली. काहींना सुबक तोटी होती. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या कुंभाराचे हे काम. पुढे तशीच खापरे गावोगावी सापडू लागली आणि एका संस्कृतीला त्या लहानशा गावाचे नाव मिळाले.

हे काम फार चिकाटीचे असते. खापर धुवायचे, वाळवायचे, त्यावर शाईने बारीक आकडा घालायचा, कोणत्या थरातले ते नोंदवायचे. मग शेकडो तुकड्यांतून एकमेकांना जुळणाऱ्या कडा शोधायच्या. जिथे तुकडा मिळतच नाही, तिथे प्लास्टर भरायचे. पण ते वेगळे दिसेल असे ठेवायचे. जुने किती आणि आपण भरलेले किती, हे बघणाऱ्याला कळले पाहिजे. कलावंत आणि संशोधक इथे फार जवळ येतात. तडा लपवायचा नाही, हे दोघांचेही व्रत.

ज्ञानेश्वरांच्या नेवाशात १९५४ पासून खोदकाम झाले. घरांच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून पुरलेली दोन-दोन मडकी निघाली. त्यांत लहान मुलांच्या अस्थी होत्या. एका बाळाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. मेलेले मूलही घरापासून दूर जाऊ नये असे वाटणाऱ्या त्या आईबापांची नावे कोणत्याच लेखात नाहीत. त्यांची ओळख आपल्याला दिली ती मडक्यांनी. पुढे शिरूर तालुक्यातल्या इनामगावी, १९६८ पासून, सांकळियांनी डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी अशा सहकाऱ्यांसह शंभराहून अधिक घरांची वस्ती उजेडात आणली. जव पिकवणारा शेतकरी कसा राहत होता, काय खात होता, हे प्रथमच इतक्या तपशिलाने समजले.

१९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. २८ जानेवारी १९८९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात सांधलेली ती भांडी आजही पाहता येतात. मात्र पांढरीची माती उपसून नेणे थांबलेले नाही. एकदा थर विस्कटले की खापर हाती उरते, त्याची गोष्ट जाते. आणि ती कोणत्याही डिंकाने पुन्हा जोडता येत नाही. शेताच्या बांधावर नक्षीचा तुकडा दिसला, तर तो कोणत्या जागी पडला आहे तेवढे तरी आपण पाहावे. सांकळियांनी आयुष्यभर तेच केले.